तातोबा पैलवानाची न्हाणी

पहिली थप्पड डाव्या कानावर बसली तेव्हा माझ्या हातात बारा पौंडाचा घण होता. मी तो सोडला नाही. सोडायचं सुचलंच नाही. दुसरी बसली आणि घण आपोआप हातातून सुटून फुटलेल्या दगडावर पडला.

"काय केलंस रं हे?" तातोबा पैलवान म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"टाकी लावतोय," मी म्हणालो.

"टाकी लावतोयस?"

"व्हय. अण्णानं सांगितलं तसं."

पैलवानाला वाटलं, मी त्याची चेष्टा करतोय. त्यानं माझी मान मागून धरली, मला खाली वाकवलं आणि माझं तोंड दगडावर आणलं. दगड मधोमध दुभंगला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसाएवढी भेग गेली होती आणि तिच्यात माझ्या नाकातलं रक्त टपटप पडत होतं.

"ही टाकी व्हय?" तो म्हणाला. "नीट बघ. ही टाकी व्हय?"

मी पुन्हा "व्हय" म्हणालो. मला दुसरं उत्तर ठाऊकच नव्हतं. त्यानं माझं तोंड त्या दगडावर आपटलं. समोरचा एक दात तिथंच राहिला.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आमचं घराणं दगडातलं. बाप पाटे, वरवंटे, उखळी घडवायचा, आणि माझा थोरला भाऊ तिम्माण्णा, म्हणजे माझा अण्णा, बापापेक्षा हुशार निघाला. मिरजेत कुणाला जोत्याचा दगड बसवायचा असला, तुळशीवृंदावन करायचं असलं, तर लोक त्यालाच बोलवायचे. मी मात्र दगडाला कंटाळलो. पाइप, नळ, पांढऱ्या चकचकीत फरश्या, असली कामं शिकून घेतली. कपडे स्वच्छ राहायचे आणि लोक 'मिस्त्री' म्हणायचे. दगडातल्या माणसाला कुणी मिस्त्री म्हणत नाही.

तातोबा पैलवानाचं घर तालमीच्या मागच्या बोळात होतं. घर जुनं, काळ्या दगडाचं. त्याच्या मागच्या अंगाला न्हाणी. तिच्यात एकच सबंध दगड टाकलेला, सात फूट लांब, चार फूट रुंद, कडेनं पाणी जायला कोरलेली पन्हळ. पैलवानाच्या वस्तादानं तो खाणीतून बैलांकडून ओढून आणला होता. कुस्ती मारून आलेले गडी त्या दगडावर बसून अंघोळ करायचे. पैलवानाचा मुलगा पुण्याला नोकरीला होता. तो म्हणत होता, सगळं उपटून नवं करा. पैलवान म्हणाला, नळ नवा घाला, बंब काढून तिथं गिझर बसवा, भिंतीला धरायला दांडी लावा, काय वाटेल ते करा; दगड तेवढा जागचा हलवायचा नाही.

काम अण्णानं घेतलं होतं. दगडाचं तो करणार, नळाचं मी. पण काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अण्णाचे सासरे वारले आणि तो सोलापूरकडे गेला. तिथून त्यानं आमच्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवला. आम्हा दोघांनाही तेव्हा लिहिता येत नव्हतं, म्हणून निरोप तोंडी.

"तिम्माण्णा म्हणाला, मला दोन दिवस लागतील, मग दुपारच्या गाडीनं सरळ तिकडंच येतो. तवर पैलवानाच्या न्हाणीला टाकी लावून घे."

मी बाजारातून पाचशे लिटरची काळी प्लास्टिकची टाकी घेतली. अशा टाक्या तेव्हा नव्या होत्या. हातगाडीवर बांधून आणली. बोळात गाडी शिरेना, म्हणून कोपऱ्यावर लिंबाखाली लावली आणि माप घ्यायला आत गेलो. पैलवान घरी नव्हता. कवठ्याला कुस्त्यांचं मैदान होतं, तिथं पंच म्हणून गेला होता. घरात त्याची बायको सोनाक्का होती, काठी टेकत चालायची.

"अण्णानं पाठवलंय," मी म्हणालो. "टाकी लावायला."

"लाव बाबा एकदाची," ती म्हणाली. "वर्षभर ह्यांच्या कानीकपाळी ओरडतीया. दगडाला तेवढं सांभाळून."

"सांभाळूनच."

बंब होता त्या कोपऱ्यात टाकी ठेवायची तर वर माळा आडवा येत होता. खाली दगड, वर माळा, मधली उंची टाकीपेक्षा चार बोटं कमी. मी विचार केला, दगडाचा कोपरा तेवढा उडवला की टाकी बसेल, आणि टाकीखाली तो कोपरा कुणाला दिसणारही नाही. छिन्नी लावून बसायचा कंटाळा. घण घेतला. पहिल्या तीन घावांत कोपरा हलला नाही. चौथा जोरात घातला आणि दगड मधूनच बोलला. कोपरा शाबूत राहिला आणि भेग भलतीकडं गेली. बापाबरोबर लहानपणी खाणीत गेलो होतो तेव्हा ऐकलेला आवाज. मला पाठीत कळला.

त्याच वेळी पैलवान दारात उभा होता. मैदान लवकर संपलं होतं. तो तालमीच्या बाजूनं आला होता, लिंबाच्या कोपऱ्यानं नाही.

तर माझा दात पडल्यावर त्यानं मला न्हाणीच्या भिंतीला टेकवून बसवलं. स्वतः दारात खुर्ची टाकली. घण उचलला, त्याचा दांडा लोखंडातून ठोकून काढला आणि मांडीवर आडवा घेतला. अडीच फूट बाभळीचा दांडा.

"तिम्मा कधी येणार?"

"दुपारच्या गाडीनं."

"सरळ हितं येणार का घरी?"

"हितंच येतो म्हणाला हुता."

"मग बस. तुला आणखी मारून काय उपेग न्हाय. तू पोरगं हायस. तिम्मानं माझ्या हातावर हात ठिवून शबूद दिलता, पैलवान, दगडाचा कपचा उडणार न्हाय म्हणून. तो येऊ दे. त्यानं जर तुला फोडायला सांगितलं आसंल, तर त्या हाताला मी विचारणार हाय. तुझ्या मनानं फोडलास म्हणाला, तर तुला फरपटत तालमीत नेतो आणि पोरांच्या ताब्यात देतो. दोन्हीतलं एक व्हणार."

हे तो अगदी सावकाश, बाजारातला भाव सांगावा तसा म्हणाला. वय अडुसष्ट होतं. मनगट माझ्या पोटरीएवढं.

थोड्या वेळानं सोनाक्का हळद आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. पैलवानानं तिला वाट दिली. ती काठीवर भार देऊन कष्टानं खाली बसली आणि माझ्या ओठावर हळद दाबली.

"वर्षामागं मी ह्या दगडावर घसरले," ती म्हणाली. "खुबा मोडला. आरशावानी गुळगुळीत झाला हुता साबनानं. म्हणून ह्यास्नी म्हटलं, पोरगं म्हणतंय तसं बदलू नगा, पर निदान टाकी तरी लावून घ्या."

मला काही कळेना.

"पाट्याला लावत्यात तशी," ती म्हणाली. "जराशी खरबरीत. पाय ठरंल एवढी. तेवढंच काम हुतं की रं बाबा. तू घण कशाला घातलास?"

पाट्याला लावतात तशी. माझी आई डोक्यावर फडकं, काखेत झोळी, झोळीत हातोडी आणि छिन्न्या घेऊन मिरजेच्या गल्ल्यांतून फिरायची. पाटा वाटून वाटून गुळगुळीत झाला की त्याच्यावर बारीक घाव घालून त्याला पुन्हा धार आणायची, त्याला टाकी लावणं म्हणतात. "टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ," असं ती ओरडायची, आणि मी तिच्या मागं पळायचो. शाळेच्या आवारातली पोरं तिची नक्कल करायची. एकदा मला घेरून त्यांनी तोच आवाज काढायला लावला होता. मी त्या दिवसापासून आईबरोबर जायचं सोडलं आणि तो शब्द कानाआड केला. इतका केला, की वीस वर्षांनी सख्ख्या भावाचा निरोप आला तेव्हा मला टाकी म्हणजे पाण्याची टाकी वाटली. दुसरं काही असू शकतं हे मनाला शिवलंसुद्धा नाही.

हे सोनाक्काला सांगायला माझं तोंड उघडलं होतं. "मला वाटलं, पाण्याची," एवढंच म्हणायचं होतं. ती बहुतेक हसली असती. मग तिनं नवऱ्याला सांगितलं असतं, तोही हसला असता. दगड फुटल्याचं दुःख राहिलंच असतं, पण हसणाऱ्या माणसाच्या हातात दांडा टिकत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी तोंड मिटलं. वडाराच्या पोराला टाकी कळत नाही, ही गोष्ट तालमीत जाणार, तालमीतून बाजारात, बाजारातून आमच्या वस्तीत. मला मिस्त्री म्हणणारे लोक उद्या काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं.

"सांग की," सोनाक्का म्हणाली.

"चूक झाली," मी म्हणालो.

"चूक काय, घण काय आपुआप पडला?"

मी ओठावरची हळद दाबून धरली. ती उठली आणि गेली. मी ठरवलं, अण्णा आला की त्याच्यासमोर सांगायचं. तो सांभाळून घेईल. तोपर्यंत दोन तास बसलो. पैलवान मधूनमधून दांडा तळहातावर थोपटत होता. एकदा म्हणाला, "भूक लागली आसंल तर सांग." मी नाही म्हणालो. तो आत ओरडला, "ह्याला भाकरी दे गं." भाकरी आली. दाताच्या जागी आग होत होती. तरी मी खाल्ली, कारण तो बघत होता.

अण्णा चारच्या सुमारास आला. सासऱ्याच्या सुतकातला, दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. स्टँडकडून येणारा माणूस लिंबाच्या कोपऱ्यावरूनच बोळात शिरतो. त्यानं आत पाऊल टाकलं, आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग दगडाकडं, मग पुन्हा माझ्याकडं. कोपऱ्यावरची टाकी बांधलेली हातगाडी माझी होती. तो ती ओळखत होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्याला सगळं समजलं. कुणी काही बोलायच्या आधी समजलं.

"ये तिम्मा," पैलवान खुर्चीवरून उठला. "शबूद दिलतास का न्हाय मला?"

"दिलता."

"मग ह्यो कुणाच्या शबदानं फुटला? तुझ्या का ह्याच्या?"

मी बोललो असतो. चाळीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आहे. पैलवानाचा प्रश्न आणि अण्णाचं उत्तर यांच्यामध्ये घोटभर पाणी प्यायला लागेल एवढा वेळ होता. तेवढ्यात एक वाक्य सहज मावलं असतं. मी अण्णाकडं बघत होतो आणि अण्णा माझ्याकडं बघत होता, आणि त्यानं अगदी थोडीशी मान हलवली. नको, अशी.

"माझ्या," अण्णा म्हणाला. "मीच त्याला फोड म्हटलं."

"तू?"

"दगडाखालनं पाणी मुरत हुतं. फोडून दोन तुकड्यात उचलायचा, खाली कोबा करायचा आणि पुन्हा बसवायचा, आसं ठरवलं मी."

"मला न इचारता?"

"इचारलं आसतं तर तुमी नगं म्हणला आसता."

पैलवानानं दांड्यावरची पकड बदलली. त्याचे ओठ हलले. मला वाटतं, तोपर्यंत त्याला मनातून खात्री होती की तिम्मा नाही म्हणेल.

"हात पुढं कर," तो म्हणाला.

अण्णानं पिशवी खाली ठेवली. उजवा हात पुढं केला, देताना करतो तसा, तळवा वर. पैलवानानं दांडा दोन्ही हातांनी धरून खाली आणला. मनगटाच्या वर बसला. ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. अण्णा ओरडला नाही. त्याच्या तोंडून खोकल्यासारखं काहीतरी निघालं आणि तो गुडघ्यांवर बसला. हात मनगटापाशी नको त्या दिशेला वळला होता.

सोनाक्का आतून आली, तिनं बघितलं आणि काठीनं पैलवानाच्या पाठीत मारलं. एकदा, दोनदा. तो हलला नाही. "मारलंसा?" ती म्हणाली. "ज्याच्या हातावर घर चालतंय तोच हात?"

पैलवानानं दांडा अंगणात भिरकावला. तो विहिरीच्या कठड्यावर आपटून पलीकडं गेला.

"पानी तापव," तो बायकोला म्हणाला. "आंबेहळद काढ. अंडी हायेत का?" मग माझ्याकडं वळून, "तू ऊठ. बोळाच्या तोंडाला बुरडाचं घर हाय. बांबूच्या चार कामट्या घेऊन ये, वीतभर लांब. माझं नाव सांग."

"डाक्टरकडं नेतो," मी म्हणालो.

"मागनं ने. पोलिसात जायाचं तर तिकडं बी जा, मी घरातच हाय. पर हाड आत्ता बसाय पायजे, सुजायच्या आत. मोडलं मी, बसवतो मी."

तालमीतल्या पोरांचे निखळलेले खांदे आणि मोडलेली हाडं तो तीस वर्षं बसवत होता. लांबून लोक यायचे.

तो पाणी बघायला आत गेला तेवढ्यात अण्णानं मला डाव्या हातानं जवळ ओढलं. त्याचं अंग घामानं थबथबलं होतं.

"गाडीवरची टाकी कुणी बघितली?"

"न्हाय. कुणी न्हाय."

"पोतं टाक तिच्यावर. कामट्या आणायच्या आधी तेवढं कर. सांजच्याला दुकानात परत दे."

"अण्णा, मी सांगतो त्यास्नी—"

"तू गप ऱ्हा. आता बोललास तर ह्यो हात फुकट मोडला."

मी गेलो. टाकीवर दोन पोती टाकून दोरीनं बांधली आणि मग बुरडाकडून कामट्या आणल्या.

हाड बसवणं हे मोडण्यापेक्षा वाईट होतं. पैलवानानं अण्णाला त्या फुटलेल्या दगडावर उताणा झोपवलं. मला त्याच्या छातीवर बसायला सांगितलं. स्वतः पाय त्याच्या काखेत रोवला, हाताचा पंजा दोन्ही हातांत धरला आणि ओढला. अण्णाचं सगळं शरीर माझ्याखाली उसळलं. त्यानं माझ्या मांडीचा चावा घेतला. तो वण अजून आहे. पैलवान ओढत राहिला, अंगठ्यानं चाचपत राहिला, आणि कट्ट असा आवाज झाल्यावर त्यानं श्वास सोडला.

"बसलं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलत नव्हते. त्यानं आंबेहळद आणि अंड्याचा बलक लावला, कामट्या लावल्या, धुतलेला लंगोट फाडून त्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. "दीड महिना. हलवायचा न्हाय."

"आणि दगड?" अण्णानं विचारलं. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"दगडाचं काय आता."

"शबूद अजून हाय," अण्णा म्हणाला. "दगड सांधून देतो. टाकी बी लावून देतो. माझ्या हातानं न्हाय, ह्याच्या."

घरात शिरल्यावर अण्णानं पोरांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि डाव्या हातानं मला मारायला सुरुवात केली. डावा हात सवयीचा नव्हता. काही फटके हवेत गेले, काही भिंतीवर. मी हात वर केला नाही. तो थकेपर्यंत मारत राहिला आणि मग बापाची झोळी कोनाड्यातून काढून माझ्या अंगावर टाकली.

"काढ भाईर," तो म्हणाला. "ह्यातली टाकी कुठली, सांग."

मी चपट्या तोंडाची, बोटाएवढी छिन्नी काढून दिली.

"ठाऊक हाय की तुला," तो म्हणाला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवसापासून चार दिवस मी त्या न्हाणीत काम केलं. अण्णा पालथ्या बादलीवर बसायचा, पट्टीतला हात छातीशी. पैलवान दारात खुर्चीवर. भेगेच्या दोन्ही अंगांना खाचा घेतल्या, त्यांत लोखंडी कांबी बसवल्या, चुलाण्यावर शिसं वितळवून ओतलं. दोन्ही अर्धे एकमेकांना असे चिकटले की वरून पाणी ओतलं तरी खाली उतरेना. मग टाकी.

मला वाटलं होतं हे सोपं असेल. पहिल्या तासाला माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची साल निघाली. दगडाच्या कपच्या तोंडावर उडत होत्या. एक डोळ्याखाली घुसली. घाव खोल गेला की अण्णा बादलीवरून पाय लांब करून माझ्या नडगीवर लाथ घालायचा. उथळ गेला तरी घालायचा.

"मारू नगंस," तो म्हणायचा. "टाकी मारत न्हाईत, लावत्यात. मारायचं काम झालंय हितं सगळ्यांचं करून."

दारातून पैलवान एकदा हसला. अण्णा हसला नाही.

तिसऱ्या दिवशी हातोडीला आपोआप ताल आला. ओळीला ओळ लागून घाव पडू लागले. अण्णाच्या लाथा कमी झाल्या. चौथ्या दिवशी एकही बसली नाही. दगडावर सगळीकडे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके उठले. मधली भेग आता नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हती. मी भिंतीला पितळी दांडी बसवली, बंबाच्या जागी गिझर टांगला, नळ फिरवून बघितला. बंबाचा जुना कोनाडा पैलवानानं बुजवू दिला नाही. त्याच्यात साबण ठेवायला सांगितलं.

सोनाक्कानं दगडावर बादलीभर पाणी ओतलं. साबणाचं पाणीही ओतलं. मग काठी भिंतीला लावून ठेवली, दांडी धरली आणि अनवाणी त्याच्यावर चालली. टोकापर्यंत गेली, वळली, दांडी सोडून परत आली. पैलवान दोन्ही हात पुढं करून तिच्या समोर उभा होता, पडली तर झेलायला. ती पडली नाही.

"झाली," ती म्हणाली.

पैलवान माझ्याकडं आला. ज्या हातानं माझं तोंड आपटलं होतं तो हात त्यानं माझ्या डोक्यावर ठेवला. मला ते सहन झालं नाही.

"पैलवान," मी म्हणालो, "त्या दिवशी अण्णानं मला—"

"कामट्या कधी सोडायच्या?" अण्णानं मागून विचारलं, मोठ्यानं. "दीड महिना म्हणला हुता न्हवं? का अगुदर?"

पैलवान त्याच्याकडं वळला. "दीड महिना," तो म्हणाला. माझ्या डोक्यावरच्या हातातली माया त्या आवाजात नव्हती. अण्णाच्या तोंडाकडं न बघता पट्टीकडं बघून बोलला.

बोळातून बाहेर पडताना मी अण्णाला विचारलं. "का बोलू दिलं न्हाईस? दोन्ही वेळंला?"

तो चालत राहिला. कोपऱ्यावरच्या लिंबापाशी थांबला, हात दुखत होता म्हणून.

"समद्यांच्या घरात आईनं टाकी लावलीया," तो म्हणाला. "ह्या गल्लीत एक पाटा न्हाय तिच्या हाताचा न्हाय आसा. तिच्या पोराला त्ये ठावं न्हाय म्हणून लोकं हसली आसती. तुला न्हाय. तिला. मार परवडला मला."

त्याच्या मनगटाचं हाड सरळ बसलं होतं. कुठल्याही डॉक्टरनं बघितलं तर म्हणायचा, उत्तम बसवलंय. पण बोटं कधी पुरती मिटली नाहीत. भाकरी मोडता यायची, हातोडी धरता यायची नाही. दगडाचं काम पुढं मी केलं, आणि तो बादलीवर बसून सांगायचा. बावीस वर्षं तो असाच बसला आणि गेला.

तातोबा पैलवान त्याच्याआधी गेला, पण त्या न्हाणीनंतर बारा वर्षं जगला. बाहेरगावचे पैलवान आले की त्यांना घेऊन न्हाणी दाखवायचा, त्या दगडावर उभं करायचा. मग मला बोलावून घ्यायचा आणि खांद्यावर हात टाकून सगळ्यांना तेच सांगायचा. "थोरला शबदाचा कच्चा निघाला," म्हणायचा, "पर ह्यो धाकटा इमानाचा. दगडाचं काम द्यायचं तर ह्यालाच द्या." आणि लोक द्यायचे.